सावलीतली रेघ

आमच्या शाळेची कॉम्प्युटर लॅब म्हणजे एक कुलूप. त्याच्या मागे कॉम्प्युटर आहेत असं म्हणतात. मितेशने एकदा खिडकीच्या फटीतून पाहिलेलं, तर त्याला फक्त एक कीबोर्ड दिसला आणि त्यावर झोपलेलं मांजर. तरी वेळापत्रकात आठवड्याला दोन तास 'संगणक' असायचं, आणि त्या दोन तासांसाठी आम्ही नववी 'ब'ची पोरं बाकीचा आठवडा कसातरी ढकलायचो. कारण एकच, दीप्ती टीचर.

टीचर डोंबिवलीहून आमच्या बाळकुमला यायच्या. पहिल्याच दिवशी त्या कुलपाकडे बघून म्हणाल्या, "कॉम्प्युटर नाही ना? मग आपणच होऊ." मितेशला रोबो केला, त्याच्या हातात कागदात गुंडाळलेला वडापाव दिला आणि आम्हाला म्हणाल्या, "याला खायला लावा."

आम्ही ओरडलो, "खा!" मितेश ढिम्म.

"त्याला 'खा' म्हणजे काय ते माहीतच नाही," टीचर म्हणाल्या. "हात कुठे न्यायचा, तोंड कधी उघडायचं, सगळं सांगा."

आम्ही सांगितलं. हात वर, तोंड उघड, चाव. कागद काढ हे सांगायचं राहिलं, आणि त्या नालायकाने कागदासकट लचका तोडला. वर्ग लोळायचा बाकी राहिला. "प्रोग्राम चुकला तर दोष रोबोचा नसतो," टीचर म्हणाल्या. मितेश आता गृहपाठ विसरला की गणिताच्या सरांनाही हेच ऐकवतो.

मग आला कार्डांचा खेळ. पाच जण ओळीत उभे, कार्डांवर सोळा, आठ, चार, दोन, एक. उभं राहिलात तर तुमचं कार्ड मोजायचं, बसलात तर नाही. एवढ्यावर एकतीसपर्यंतचा कुठलाही आकडा करता येतो, आणि कॉम्प्युटर पोटात असाच मोजतो. माझ्याकडे एकचं कार्ड होतं. ओळीने मोजत गेलं की एकवाल्याला दर आकड्याला उठ नाहीतर बस करावं लागतं. सोळावाला नयन अर्धा वेळ जांभया देत होता आणि मी बेडकासारखी वर-खाली. आठवीपर्यंत मी वर्गात बाकाचाच एक भाग होते, खरंच. त्या दिवशी सगळा वर्ग "कृतिका उठ, कृतिका बस" ओरडत होता, आणि मला इतकं मस्त वाटलं की तास संपल्यावर मीच दुसऱ्या तुकडीला जाऊन तो खेळ समजावून आले. मला बोलता येतं हा शोध मला नववीत लागला. त्यानंतर मी थांबलेलीच नाही, हे आई कुणालाही सांगेल.

आणि हे सगळं मार्चमध्ये बंद होणार होतं.

म्हणजे झालं असं. संस्थेचे कार्यवाह देवेश सर, तरुण आहेत, चांगले आहेत, सगळ्यांशी हसून बोलतात. त्यांनी एक योजना आणली. जूनपासून संगणकाच्या तासाला प्रत्येकाला टॅब, भिंतीवर मोठा स्क्रीन आणि रेकॉर्ड केलेले धडे. मग टीचरची गरज इथे राहत नव्हती. त्यांना संस्थेच्या खडवलीच्या शाळेत पाठवायचं. मात्र शाळा समितीने ठरवलं की आधी पालक सभेत टीचरची पद्धत बघू आणि त्याच दिवशी निर्णय घेऊ. समितीत पाच जण. त्यातले एक माझे आजोबा, पंढरी भोईर. शाळा ज्या जमिनीवर आहे ती आमची होती, म्हणून ते समितीत. गावात त्यांना सगळे भाऊ म्हणतात. आता गावात म्हणजे टॉवर क्रमांक चार, सातवा मजला, पण म्हणतात गावच.

मला वाटलं, झालंच काम. समितीत आजोबा, माईक माझ्या हातात आणि खेळ टीचरचा. कोण हरवणार आम्हाला!

सभेसाठी टीचरनी सगळ्यात भारी खेळ निवडला. मैदानावर फक्कीने मोठं जाळं आखलं. एका टोकाला सहा चौकोन, दुसऱ्या टोकाला सहा चौकोन, मध्ये रेघा आणि गोल. सहा जणांनी कुठलेही आकडे घेऊन सुरुवातीच्या चौकोनांत उभं राहायचं. रेघेवरून चालत पहिल्या गोलात जायचं. तिथे दुसरा कोणीतरी भेटतो. दोघांनी आकडे दाखवायचे. ज्याचा आकडा कमी त्याने डावीकडची रेघ धरायची, ज्याचा जास्त त्याने उजवीकडची. पुढच्या गोलात परत तेच. दुसरा येईपर्यंत गोल सोडायचा नाही. बस, एवढाच नियम. कोणी विचार करायचा नाही, कोणी पुढचं बघायचं नाही, आणि पलीकडे पोचल्यावर सहाही जण कमीपासून जास्तपर्यंत बिनचूक ओळीत! पहिल्यांदा झालं तेव्हा मला अंगावर काटा आलेला. जादू वाटते, आणि जादू अजिबात नसते.

शनिवारी सकाळी अकरा वाजता सभा. शाळेच्या इमारतीची सावली मैदानाच्या डाव्या बाजूला पडलेली, उजवीकडे रणरणतं ऊन. आम्ही मुलांनी आधी करून दाखवलं. देवेश सर म्हणाले, "पाठ करून घेतलंत का हो?" तर टीचर म्हणाल्या, "आकडे तुम्ही द्या, सर." सरांनी मनाला येतील ते आकडे दिले. पोरं चालली. ओळ बिनचूक! टाळ्या पडल्या. मी माईकवरून सांगत होते, "आणि बघा, यात कोणालाही काहीही डोकं चालवावं लागलं नाही!" मितेश मागून म्हणाला, "म्हणूनच मला घेतलंय." लोक आणखी हसले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आजोबा उठले. "मना पन खेलाचाय," ते म्हणाले.

देवेश सरांनाही ते आवडलं. "वा! पालकांनीच करून बघू दे. पालकांना जमलं तर प्रश्नच मिटला."

टीचरचे डोळे असे चमकले! त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. याहून चांगलं काय हवं? सहा जण भराभर पुढे आले. आजोबा. मितेशचे बाबा गुणाजीकाका, जे आमच्या मालकीच्या चाळीत भाड्याने राहतात. गोदूबाई, आजोबांच्या बरोबरीच्या, नातवाच्या सभेला आलेल्या. नयनची आई. टॉवरमधले एक आयटीवाले काका, शनिवारीही कडक इस्त्रीचा शर्ट. सहावं कोणी येईना म्हणून बायकांनी ढकलून ढकलून माझ्या आईला पाठवलं. आईचा आकडा बारा, सगळ्यात कमी. आजोबांचा त्र्याऐंशी, सगळ्यात जास्त.

मी नियम परत सांगितला. सावकाश, स्पष्ट, रोबोला सांगतात तसा. "कळलं?" सगळे म्हणाले, "हो हो, कळलं."

पहिल्यांदा गोदूबाईंनी चपला काढल्या.

"आजी, चपला असू द्या," टीचर म्हणाल्या.

"असूदे कशी? रांगोली हाय ना ती."

"रांगोळी नाही आजी, फक्की आहे. कबड्डीला घालतात ती."

"पांढरी हाय, पोरांनी काढलीय," गोदूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी काढल्या म्हटल्यावर सगळ्यांनी काढल्या. आयटीवाल्या काकांनी बूटसुद्धा. आणि मग रेघेवर पाय कोण देणार? सगळे रेघेच्या बाजूबाजूने चालायला लागले. मी म्हटलं, चालेल, रेघेवरून काय आणि बाजूने काय.

पण जमीन तापलेली होती.

पहिल्या गोलात गुणाजीकाका आणि आजोबा भेटले. काकांचा आकडा एक्केचाळीस, म्हणजे काका डावीकडे, आजोबा उजवीकडे. काकांनी डावीकडे बघितलं, तिकडे सावली. उजवीकडे बघितलं, तिकडे ऊन. मग आजोबांचे अनवाणी पाय बघितले. "भाऊ, तुम्ही इकडून जा," ते म्हणाले आणि स्वतः उन्हात चालते झाले.

"काका! काका, तुम्ही डावीकडे!" मी माईकवर.

"असूदे गो बाय," काका चटके खात म्हणाले. "आमाला सवय आहे."

पुढच्या गोलात आजोबांना गोदूबाई भेटल्या. त्यांनी आकडा दाखवलाच नाही. "पंढरी, गुडघा काय म्हनतो तुजा?" त्यांनी विचारलं. आजोबा गोलात उभे राहून गुडघ्याची सगळी हकिकत सांगायला लागले, नौपाड्यातल्या डॉक्टरकडे जाऊन आले ते, गोळ्या कुठल्या ते. नयनची आई मागे ताटकळली. शेवटी गोदूबाईच म्हणाल्या, "जा, तू सावलीनं जा, मना फिरायाचाच हाय."

आणि मग आई.

आई स्कूटर चालवते. घरात आजोबांच्या हातातून रिमोट काढून घेऊन त्यांना गोळी गिळायला लावते. पण गोलात आजोबा, म्हणजे तिचे सासरे, समोर आले आणि शंभर माणसं बघत होती, तर आईने ओढणी डोक्यावर घेतली आणि ती चक्क गोलाबाहेर जाऊन उभी राहिली. आजोबांना गोल रिकामा दिसला. रिकामा गोल म्हणजे पुढे जायचं असं समजून ते सरळ सावलीतल्या रेघेने निघाले.

"आई! गोलात ये! आकडा दाखव!"

आईने माझ्याकडे असं बघितलं की माईक माझ्या हातात जड झाला.

त्या सगळ्या मैदानात एकच माणूस नियम पाळत होता. आयटीवाले काका. ते आपल्या गोलात, अनवाणी, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवत, आकडा छातीशी धरून समोरच्याची वाट बघत उभे होते. समोरचं कोणी येणारच नव्हतं. जे यायचे ते गुणाजीकाका चटक्यांमुळे गोलात न थांबताच कधीच पलीकडे पोचले होते. "मी इथेच थांबायचंय ना?" काका मला दोनदा विचारून झाले. आणि मी म्हटलं, "हो काका." कारण नियम तोच होता! मी काय सांगणार? एकाला नियम मोड सांगायचा आणि पाच जणांना पाळ?

शेवटी पलीकडे ओळ लागली, आयटीवाले काका सोडून. सगळ्यात डावीकडे, सावलीत, त्र्याऐंशीचा आकडा हातात धरून आजोबा. चेहऱ्यावर इतका आनंद, इतका आनंद! "जमला का गो?" त्यांनी लांबूनच विचारलं.

"तुझ्या आजोबांचा आकडा मायनसमध्ये आहे का?" मितेश माझ्या कानात म्हणाला. एरवी मी हसले असते.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! जोरजोरात! भाऊंनी या वयात खेळ खेळला म्हणून. देवेश सरही वाजवत होते, पण त्यांची नजर आकड्यांवरून फिरत होती.

मला वाटलं, आता बोललं पाहिजे. आपण चूक शोधायलाच तर शिकलोय. टीचर नेहमी म्हणायच्या की चूक सापडली की अर्धा तास वसूल. मी माईक तोंडाशी नेला. "आजोबा, तुमचा आकडा सगळ्यात जास्त आहे. तुम्ही त्या टोकाला हवे होतात."

आईने डोळे मिटले. गुणाजीकाका म्हणाले, "अगो, उन्हात कशाला उभं करतेस त्यांना?"

पण आजोबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते लगेच म्हणाले, "नाय नाय, पोरगी सांगते ते बरोबर," आणि तुरुतुरु उन्हाच्या टोकाला चालत गेले. आता भाऊ उन्हात म्हटल्यावर बाकीचे सावलीत कसे थांबतील? सगळेच त्यांच्यामागून निघाले. शिपाईकाका खुर्ची घेऊन धावले. कोणीतरी छत्री आणली. फक्की पुसली, गोल पुसले, आणि जिथे ओळ असायला हवी होती तिथे आजोबांभोवती एक घोळका झाला. टीचर पुढे होऊन सांगत होत्या, "बघा, हीच गंमत आहे, आता कुठे चुकलं ते आपण मागे जाऊन शोधू या, प्लीज, एक पाचच मिनिटं..." पण तोपर्यंत चहा आलेला. चहाबरोबर बटाटेवडे. आयटीवाल्या काकांना कोणीतरी हाताला धरून गोलातून बाहेर काढलं.

समितीची बैठक मुख्याध्यापिकांच्या खोलीत झाली. मी आणि टीचर बाहेर जिन्यावर बसलो. टीचर सारखं एकच म्हणत होत्या, "मी उन्हाचा विचारच केला नाही गं. संध्याकाळी ठेवायला हवं होतं."

"संध्याकाळी ठेवलं असतं तरी आई गोलाबाहेरच गेली असती," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. तेही खरंच होतं.

दार उघडलं आणि सगळ्यात आधी आजोबा बाहेर आले, हसत. "तुजा काम झाला! टॅब मंजूर! पयला हात मीच वर केला."

मी टीचरकडे बघितलं. टीचर उठून उभ्या राहिल्या आणि त्यांना नमस्कार केला. आजोबा त्यांना म्हणाले, "तुमचा खेल लय आवरला बाय. खडवलीला मैदान मोठा हाय." आवरला म्हणजे आवडला, आणि ते अगदी मनापासून म्हणत होते.

रात्री जेवताना मी सगळं सांगून बघितलं. की टॅब नकोय, टीचर हव्यात. की आम्ही तिथे स्वतः चालत होतो, स्वतः चुकत होतो. आजोबांनी नीट ऐकून घेतलं, भाकरीचा घास हातात तसाच धरून. मग म्हणाले, "तुना खेल आवरतो, मंग मैदानात खेल की. कोन नाय म्हनतो? आन् शिकायाला टॅब घे. आमच्या टायमाला पाटी पन नव्हती. खडवलीची पोरा पन पोराच हायत ना? त्यांना कोन शिकवनार?"

खडवलीच्या पोरांना टीचर मिळू नयेत असं म्हणू? ते माझ्यासाठीच सगळं करत होते. ज्याचा राग यावा असा माणूसच कुठे सापडत नव्हता.

भांडी आवरताना मी आईवर उखडले. "तुला कळलं नव्हतं का? बारा म्हणजे कमी, कमी म्हणजे डावीकडे. इतकं सोपं होतं."

"कळलेलं," आई म्हणाली. नळ बंद करून ती माझ्याकडे वळली. "सगळं कळलेलं, कृतिका. तू छान सांगितलंस. मी बारा घेऊन डावीकडे सावलीत गेले असते, आणि बाबांना उन्हात पाठवलं असतं, सगळ्या गावासमोर. मग उद्यापासून मी गावात कशी फिरले असते ते तू सांग. मी काय करायला हवं होतं?"

मी खूप विचार केला. अजून करतेय. टीचरना फोन करून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मलाही नाही माहीत गं."

जूनमध्ये आमची दहावी सुरू झाली. टीचर आता डोंबिवलीहून खडवलीला जातात. सगळे त्यांना म्हणतात की बरं झालं, लोकलच्या गर्दीच्या उलट दिशेने जायला मिळतं. आमच्या लॅबचं कुलूप निघालं. भिंतीवर फळ्यापेक्षा मोठा स्क्रीन लागला. उद्घाटनाला आजोबांना बोलावलेलं. त्यांनी फीत कापली आणि देवेश सरांनी त्यांना आग्रहाने वर्गात पहिल्या बाकावर बसवलं, माझ्या शेजारी. इस्त्रीचं धोतर, नवी टोपी.

धडा लागला. स्क्रीनवर एक बाई आल्या, गोड आवाजाच्या. काय नशीब बघा, धडा आकडे ओळीत लावण्याचाच होता. रंगीत ठिपके रेघांवरून सुळसुळ धावत होते, गोलात भेटत होते, डावी-उजवीकडे जात होते. एकही ठिपका थांबला नाही. एकानेही दुसऱ्याला वाट दिली नाही. दोन मिनिटांत ओळ तयार.

मला विचारायचं होतं. दोन ठिपक्यांचे आकडे सारखेच निघाले तर आधी कोणी जायचं? हे मला खरंच माहीत नव्हतं, आणि टीचर असत्या तर आम्ही आत्ता मैदानात जाऊन करूनच बघितलं असतं.

"काही शंका?" स्क्रीनवरच्या बाईंनी विचारलं, आणि त्या हसून जरा थांबल्या.

मी हात वर केला. अख्ख्या वर्गात माझा एकटीचा. बाई माझ्याकडेच बघत होत्या, म्हणजे सगळ्यांकडेच बघत होत्या. मितेश पुटपुटला, "अगं, ती रेकॉर्डेड आहे." मला माहीत होतं. तरी हात खाली येईना.

आजोबांना ती शांतता सहन झाली नाही. एवढी बाई आपणहून विचारतेय आणि वर्गातून कोणी उत्तर देत नाही, हे त्यांना बरं दिसेना. ते बाकावर जरा पुढे सरकले, टोपी सारखी केली आणि स्क्रीनकडे बघून अदबीने म्हणाले, "नाय बाय, काय शंका नाय. सगला समजला."

"छान!" बाई म्हणाल्या. "चला, पुढे जाऊ या."